घरी रेकॉर्ड केलेली गिटार बॅकिंग ट्रॅकवर बसत नाही, ५,००० मध्ये काय घेऊ?

सहातारी: नमस्कार. अकौस्टिक गिटार वाजवते, राहायला पुण्यात सिंहगड रोडला. ब्लूटूथ हेडफोनमध्ये बॅकिंग ट्रॅक (तयार साथसंगीत) ऐकत फोनवर गिटार रेकॉर्ड करते आणि लॅपटॉपवर ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही एकत्र करते. गिटार ट्रॅकखाली गडप होते, वाढवली की आवाज फाटतो. सुरुवात जुळवायलाही अर्धा तास जातो. बजेट ५,०००, त्याच्या वर एक रुपया नाही.

नादखुळा_औंध: डोळे झाकून फोकसराइट स्कारलेट सोलो हा ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडायचा डबा) घ्या, सोबत बारीक आवाजही टिपणारा कंडेन्सर माइक. माझ्याकडे दोन्ही आहेत. परवा मित्र विचारत होता, कुठल्या स्टुडिओत केलंस म्हणून. थोडे पैसे साठवा, पण हेच घ्या.

पेठेतला_पिक: कंडेन्सर अजिबात नको! आमच्या सदाशिव पेठेत खिडकी लावली तरी रिक्षाचा हॉर्न, कुकरची शिट्टी सगळं आत. गणपतीआधी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला की विषयच संपला. शुअर एसएम५७ घ्या, तो डायनॅमिक माइक आहे, आजूबाजूचं कमी पकडतो.

नादखुळा_औंध: एसएम५७ वर अकौस्टिकची चमक जाते. आणि ढोल त्यातही येतोच.

पेठेतला_पिक: माझ्या रेकॉर्डिंगमध्ये येत नाही.

मंद्रसप्तक: ताई, खरेदी नंतर. तयार ट्रॅक आधीच मास्टर केलेला (शेवटचा हात फिरवून जोरात केलेला) असतो, त्याची पातळी ० डीबीला म्हणजे कमाल मर्यादेला टेकलेली असते. गिटारला जागाच उरत नाही. म्हणून गिटार वाढवू नका, ट्रॅक ६ ते ८ डीबी खाली घ्या. मग ट्रॅकच्या ईक्यूमध्ये (जाड-बारीक आवाज वेगवेगळे कमी-जास्त करायची सोय) १ ते ३ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात २-३ डीबी कमी करा, गिटारचे सूर तिथेच स्पष्ट ऐकू येतात. गिटारवर ८० हर्ट्झच्या खालचं कापून टाका. जाड ई तार ८२ हर्ट्झला वाजते, त्याखाली फक्त घुमणं आणि पंखा. फोन बाराव्या फ्रेटसमोर वीतभर अंतरावर ठेवा, साउंडहोलसमोर नको.
ब्लूटूथ मात्र आजच सोडा, आवाज उशिरा पोचतो. वायरचा हेडफोन लावा, ट्रॅकच्या सुरुवातीच्या चार टिकटिकींपुरता फोनच्या माइकला चिकटवा आणि मग कानावर चढवा. त्या टिकटिकी गिटारच्या रेकॉर्डिंगमध्ये उमटतात. ऑडॅसिटीत दोन्हीकडच्या टिकटिकींची टोकं एकावर एक ठेवली की झालं.

कोथरूडची_कॅपो: ट्रॅक खाली घ्या, अगदी बरोबर. पण इंटरफेस हवाच. फक्त सेकंडहँड नको. मी घेतलेल्याचा एक इनपुट आठवड्यात गेला, विकणारा फोनही उचलत नाही. संताप येतो.

नादखुळा_औंध: म्हणूनच नवीन स्कारलेट.

मंद्रसप्तक: त्यांचं बजेट ५,००० आहे हो. आणि पुढे थेट ऑडॅसिटीत रेकॉर्ड केलंत तर प्रेफरन्सेसमध्ये लेटन्सी कॉम्पेन्सेशन (रेकॉर्डिंगला होणाऱ्या उशिराची भरपाई) बघा. मुळात तिथे उणे १३० मिलिसेकंद असतं, आपल्या लॅपटॉपला जुळेल असं बदलावं लागतं.

सहातारी: मंद्रसप्तक, ट्रॅक ८ डीबी खाली घेतला आणि गिटार पहिल्यांदा स्पष्ट ऐकू आली. टिकटिकीची युक्तीही जमली, मनापासून आभार! इंटरफेस मात्र घेत नाही. मी ऑनलाइन शिकवतेही, त्यामुळे हेडफोन जॅक असलेला यूएसबी माइक घेणार. कंडेन्सरच असेल, पेठेतला_पिक, पण आमची मागची खोली शांत आहे. शनिवारी तापकीर गल्लीत बघते, नाही मिळाला तर ऑनलाइन मागवेन.