अक्ष : खंडित, छाटलेला की संकोचलेला?

प्रश्न :
एका पतसंस्थेच्या वार्षिक अहवालाचं मराठी तपासते आहे. त्यात वसुलीचे दोन स्तंभ शेजारी शेजारी आहेत. गेल्या वर्षी ९२ टक्के, यंदा ९६. पण उभा अक्ष सुरूच होतो ९० पासून! पट्टी लावून पाहिलं, तर पहिला स्तंभ २ सेंटिमीटर भरला आणि दुसरा ६. वरचे आकडे न वाचता नुसतं चित्र पाहणाऱ्या सभासदाला वसुली तिप्पट झाली असंच वाटेल. अशा अक्षाला मराठीत काय म्हणावं? मला 'खंडित अक्ष' सुचलं. शिवाय मथळा 'वसुलीचा तक्ता' ठेवू की 'वसुलीचा आलेख'?

प्रतिसाद :
मथळ्यात 'आलेख'च हवा. तक्ता मूळचा फारसी, अर्थ फळी; त्यावर मांडलेलं काहीही मग तक्ता झालं. पाढ्यांचा तक्ता, डोळे तपासायचा तक्ता. आलेखात 'लिख्' धातू आहे, म्हणजे कोरणं, रेखाटणं. संस्कृतात 'आलेख्य' म्हणजे चित्र. तुमच्याकडे चित्र आहे. नुसते आकडे रकान्यांत मांडले असते तर 'कोष्टक' म्हटलं असतं.

प्रतिसाद :
'खंडित' नको, ताई. खंडित म्हणजे मध्येच तुटलेला. इथे अक्षाचा बुडखाच कापलाय, म्हणून 'छाटलेला अक्ष' म्हणा.
पण त्याहून नेमका शब्द शाळेच्या गणितात आहे : अक्षसंकोच. आलेखकागदाच्या उजव्या कोपऱ्यात 'प्रमाण : १ सेमी = १० विद्यार्थी' असं लिहायचो, आणि आकडे शून्यापासून लांब सुरू होत असले की आरंभबिंदूजवळ अक्षावर नागमोडी खूण काढायचो, ती याचीच. कागदाला चुणी घालून मधला भाग आत दडवावा तसं. ही खूण बघणाऱ्याला सांगते की इथे काही गाळलंय. माझ्या मते दोन्ही शब्द ठेवावेत. खूण असेल तर अक्षसंकोच, नसेल तर छाटलेला अक्ष. हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

प्रश्नकर्ती :
मग खूण काढली की आमचा आलेख चालेल?

प्रतिसाद :
स्तंभालेखात नाही. तिथे डोळा लांबी मोजतो. खूण काढली तरी २ आणि ६ सेंटिमीटरच दिसतात. स्तंभ शून्यापासूनच उभे करा, एकमेकांच्या जवळपास दिसतील, आणि ते जवळपास आहेतच. रेषेच्या आलेखाचं वेगळं. तिथे आपण चढउतार वाचतो. दवाखान्यात खाटेपाशी लावतात तो तापाचा आलेख घ्या (लोक त्याला 'तापाचा तक्ता'च म्हणतात, आणि रुळलेला शब्द आहे, राहू द्या). तो शून्य अंशापासून काढला तर ९८ आणि १०३ यांतला जीवघेणा फरक सपाट होऊन जाईल. तिथे अक्षसंकोच हवाच.

प्रतिसाद :
जाता जाता चित्रालेखाबद्दल. रक्कम दुप्पट दाखवायला नाण्याचं चित्र उंचीला आणि रुंदीलाही दुप्पट करतात. क्षेत्रफळ चौपट होतं! त्याऐवजी तेवढ्याच आकाराची दोन नाणी काढावीत.

प्रश्नकर्ती :
मथळा 'वसुलीचा आलेख' केला. स्तंभ शून्यापासून काढायला सांगितलेत, आणि कोपऱ्यात 'प्रमाण : १ सेमी = १० टक्के' लिहायलाही. आता एक स्तंभ ९.२ सेंटिमीटर, दुसरा ९.६.