मदत हवी आहे: क्वाड ईएसएल-63 साठी कोणता व्हॉल्व्ह अँप घ्यावा?

नमस्कार मंडळी,

क्वाड ईएसएल-63 या इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरची (यात कोनऐवजी विद्युतभारित पातळ पडदा हलतो) जुनी जोडी घेतली आहे. पॅनेल नव्याने बांधलेली आहेत, त्यामुळे स्पीकरची चिंता नाही. सध्या ट्रान्झिस्टर अँपवर वाजवतोय आणि वाजतातही छान, पण आता व्हॉल्व्हकडे (काचेच्या नळ्यांच्या अँपकडे) वळायचंय. खोली मध्यम आकाराची. ऐकणं मुख्यतः गायन, पियानो आणि तंतुवाद्यं. भिंती हादरवायची हौस नाही.

समोर तीन पर्याय आहेत (300बी, ईएल34, केटी88 ही व्हॉल्व्हची नावं; सिंगल एंडेडमध्ये पूर्ण लहर एकाच बाजूने वाढवली जाते, पुश-पुलमध्ये व्हॉल्व्हची जोडी ती वाटून घेते): 300बी चा सिंगल एंडेड (8 वॅट), ईएल34 चा पुश-पुल (35 वॅट) आणि केटी88 चा पुश-पुल (70 वॅट). मन 300बी कडे ओढ घेतंय, कारण तो ऐकला तेव्हा गायकाचा आवाज अगदी समोर उभा राहिला होता. मात्र तेव्हा जोडलेले स्पीकर साधे, कोनवाले होते.

स्पीकरची सेन्सिटिव्हिटी (एक वॅटला एका मीटरवर मिळणारा आवाज) 86 डीबी. हिशेबाने 8 वॅटवर एका मीटरला 95 डीबी मिळतात, 35 वर 101. मला 95 पुरतील असं वाटतं. मग अडतंय कुठे? इलेक्ट्रोस्टॅटिक म्हणजे अँपच्या दृष्टीने मोठा कपॅसिटर, वरच्या सुरांत त्याचा इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा, ओममध्ये) घसरतो, एवढं वाचलंय. याचा कानावर प्रत्यक्ष किती परिणाम होतो? आणि 4 ओमचा टॅप (अँपमागचं स्पीकर जोडायचं टोक) वापरावा की 8 चा? अँप घरी आणून ऐकायची सोय नाही, म्हणून आधी विचारतोय.

प्रतिसाद

वॅट बाजूला ठेवा, अँपचा आउटपुट इम्पीडन्स (अँपचा स्वतःचा आतला अडथळा) विचारा. समजा फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग परत इनपुटला देऊन चूक सुधारणं) नसलेल्या सिंगल एंडेडचा तो 3 ओम आहे, आणि स्पीकर मधल्या सुरांत 8 ओम व वर 3 ओम दाखवतो. गणित मांडलंत तर वरचे सूर सव्वातीन डीबीने खाली जातात. तोच आउटपुट इम्पीडन्स अर्धा ओम असेल तर घट जेमतेम 0.8 डीबी. तुम्हाला 300बी चा जो गोडवा भावला, त्याला या स्पीकरवर मंदपणाची किनार येईल. काहींना ते आवडतं, मला नाही.

4 ओमच्या टॅपवर आउटपुट इम्पीडन्स साधारण निम्मा होतो, म्हणून सुरुवात तिथूनच करा. ताकद थोडी कमी मिळेल, पण 35 वॅटवाल्याला ते झेपेल. माझं मत ईएल34 ला. केटी88 वाईट नाही, फक्त तुमच्या ऐकण्याला तो जास्तीचा आहे.

एक गोष्ट मात्र विकणाऱ्याकडून तपासून घ्याच. जास्त फीडबॅक दिलेले काही अँप कपॅसिटिव्ह लोडवर, म्हणजे तुमच्यासारख्या स्पीकरवर, डळमळतात. 8 ओमच्या रेझिस्टरला समांतर 2 मायक्रोफॅरड जोडून 10 किलोहर्ट्झची स्क्वेअर वेव्ह (चौकोनी लहर) ऑसिलोस्कोपवर (लहर पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर) बघायची. कडेला दोनतीन लाटा उठून विरल्या तर चालतं, पण लाटा थांबतच नसतील तर तो अँप नको. आणि हो, स्पीकर न जोडता व्हॉल्व्ह अँपला सिग्नल देऊ नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

धागाकर्ता

आभार! आउटपुट इम्पीडन्सचा मुद्दा कुणीच बोललं नव्हतं. ईएल34 वाल्याच्या कागदावर डँपिंग फॅक्टर (स्पीकरचे ओम भागिले अँपचा आउटपुट इम्पीडन्स) 10 लिहिलाय, 8 ओमला. म्हणजे 0.8 ओम, बरोबर ना?

प्रतिसाद

बरोबर. आणि तो आकडा 8 च्या टॅपचा असेल तर 4 च्या टॅपवर 0.4 च्या आसपास. स्क्वेअर वेव्हचा फोटो मिळाला की इथे टाका, बघून सांगतो.