मदत हवी आहे: कोयना धरणग्रस्त आज्यांच्या आठवणींवर पीएच.डी. करायची आहे. मराठीत की इतिहासात? आणि रेकॉर्डर बंद करून सांगितलेल्या गोष्टीचं काय करू?

नमस्कार मंडळी,

प्रश्न एका ओळीत मावणारा नाही, म्हणून सविस्तर लिहिते. धीराने वाचा ही विनंती.

मी ३७ वर्षांची. एम.ए. मराठी, सेट (राज्य पात्रता परीक्षा) उत्तीर्ण. सहा वर्षांपासून एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते आणि अधूनमधून कथा लिहिते. माझं आजोळ रायगड जिल्ह्यातलं एक पुनर्वसित गाव. मूळ गाव कोयनेच्या खोऱ्यात होतं, आता ते शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, तळाशी आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला पाणी चढू लागलं तशी माणसं उठली. कुणी रायगडात आलं, कुणी ठाण्याकडे, कुणी थेट सोलापूर-सांगलीला. एकाच भावकीतली घरं अशी चार जिल्ह्यांत पांगली.

२०२१ मध्ये माझी आजी गेली. तिच्याकडून मी काहीही टिपून घेतलं नव्हतं. ओव्या नाहीत, गावाचा रस्ता नाही, कोणाचं घर कोणाच्या शेजारी होतं तेही नाही. तेराव्याला तिच्या वयाच्या बायका ओसरीत बसून बोलत होत्या, आणि हे सगळं आता असंच जाणार हे तिथे मला कळलं. तेव्हापासून सुट्ट्यांमध्ये जाऊन एकेकीशी बोलते. आतापर्यंत १९ जणी झाल्या, साधारण ४३ तासांचं रेकॉर्डिंग आहे. त्यातल्या तिघी आज हयात नाहीत.

यावर पीएच.डी. करावी असं मनापासून वाटतं. पण जिथे गेले तिथे दार अर्धंच उघडलं. मराठीच्या एका मार्गदर्शकांनी सांगितलं, ओव्या असतील तर लोकसाहित्यात बसेल, नुसत्या आठवणी म्हणजे मुलाखती, त्यांचा वाङ्मयीन अभ्यास कसा करणार? इतिहास विभागात विचारलं, ‘कागद कुठे आहेत?’ मी काही भाग ऐकवला, तर त्यांनी नेमकी चूक पकडली. माझ्याकडच्या पाच जणी सांगतात की आधी भूकंप झाला, मग गाव बुडालं, मग आम्ही निघालो. प्रत्यक्षात कोयनेचा मोठा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा. या बायकांनी गाव सोडलं ते त्याच्या चार-पाच वर्षं आधी. ‘ज्यांना क्रमही आठवत नाही त्यांची साक्ष कशी धरायची?’ यावर मला त्या वेळी उत्तर सुचलं नाही. पण त्या बायका खोटं बोलत नाहीत एवढं मला ठाऊक आहे.

आता दुसरी गोष्ट. खरं तर झोप उडाली आहे ती हिच्यामुळे.

एक आजी आहेत, ८४ वर्षांच्या. त्यांच्या ओसरीत जात्याची वरची तळी भिंतीला टेकवून ठेवलेली आहे. खालची नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, “खालची जमिनीत पुरल्याली. सासरा म्हनला, खणत बसू नगा, गाडी जाईल. मग वरची तेवढी मांडीवर घिऊन बसले.” ती एकटी तळी साठ वर्षांत काही दळू शकलेली नाही. तरी दर दिवाळीला त्या ती धुतात, हळदकुंकू वाहतात. खुंट्याचं भोक मात्र अजून गुळगुळीत आहे, त्यात बोट घालून त्या बोलत होत्या.

मध्येच थांबल्या. म्हणाल्या, “यंत्र बंद कर, बाय.” मी बंद केलं. त्यानंतर वीसेक मिनिटं त्या नव्या गावातल्या पहिल्या वर्षाबद्दल बोलल्या. काय बोलल्या ते इथेही लिहीत नाही. शेवटी माझा हात धरून म्हणाल्या, “हे ठेव तुझ्यापाशी.”

घरी आल्यावर मी ते शब्दन्‌शब्द वहीत उतरवलं. पुढे त्यावर कथा लिहिली. नाव बदललं, गाव बदललं, जातं काढून उखळ घातलं. मी आजवर लिहिलेल्यांत ती सगळ्यात चांगली कथा आहे. एका दिवाळी अंकासाठी माझ्याकडे कथा मागितली आहे आणि माझ्याकडे द्यायला हीच एक आहे. ‘ठेव तुझ्यापाशी’ म्हणजे कुणाला सांगू नकोस, की हरवू देऊ नकोस? तीन महिने झाले, मला ठरवता येत नाही.

तर, हा विषय कोणत्या विभागात न्यावा? वय ३७ म्हणजे जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) गेली. नोकरी सांभाळून पीएच.डी. होईल का? आणि ही कथा द्यावी का? या क्षेत्रात काम केलेल्या कुणीही सांगितलं तर फार उपकार होतील.

प्रतिसाद १

ताई, मी मराठीचा निवृत्त प्राध्यापक. आधी व्यवहाराचं सांगतो.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या पीएच.डी. नियमांत अर्धवेळ पीएच.डी.ची सोय आहे. नोकरी करत असाल तर महाविद्यालयाचं ना-हरकत पत्र लागतं. ते आधी लेखी घ्या, तासिका तत्त्वावरच्या माणसाला ते मिळवायला वेळ लागतो. किमान मुदत तीन वर्षं, कमाल सहा, पुनर्नोंदणी करून दोन वर्षं आणखी मिळतात आणि महिलांना त्यावर दोन वर्षांची वेगळी सवलत आहे. २०२४ पासून नेटचे (राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे) गुण पीएच.डी. प्रवेशासाठीही धरतात. शिवाय नेटमध्ये मराठीखेरीज ‘लोकसाहित्य’ हा स्वतंत्र विषय आहे, त्याचा अभ्यासक्रम एकदा नजरेखालून घाला. जेआरएफ वयामुळे गेली तरी सहायक प्राध्यापकपदासाठी नेटला वयाची अट नाही. आणि सेट तर तुमच्याकडे आहेच, जुलै २०२३ पासून त्या पदासाठी पीएच.डी. सक्तीची राहिलेली नाही. म्हणजे नोकरीसाठी हा विषय वाकवायची गरज नाही, तुम्हाला हवा तसाच करा.

मराठी की इतिहास, या पेचातून त्याच नियमांत वाट आहे. सहमार्गदर्शक दुसऱ्या विभागातला, अगदी दुसऱ्या संस्थेतलाही घेता येतो. मुख्य मार्गदर्शक मराठीचे आणि सहमार्गदर्शक इतिहासाचे, असा प्रस्ताव द्या. कथन कसं घडतं, कुठे थांबतं, आजी कुठे ओवीवर येते आणि कुठे साध्या बोलण्यावर, हा साहित्याचाच अभ्यास आहे. मात्र तुमची कथा प्रबंधाचा भाग म्हणून स्वीकारतील अशी आशा आमच्या विभागांत धरू नका. परदेशात तशी प्रथा आहे, इंग्लंडमधल्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठात सर्जनशील लेखनाचं एम.ए. १९७० सालीच सुरू झालं. आपल्याकडे कथा वेगळी छापा, प्रबंध वेगळा लिहा.

आणि त्या भूकंपाबद्दल. अलेस्सांद्रो पोर्तेल्ली या इटालियन अभ्यासकाचं काम वाचाच. तेर्नी शहरात लुईजी त्रास्तुल्ली नावाचा पोलाद कामगार १९४९ साली नाटोविरोधी निदर्शनात पोलिसांच्या गोळीने मेला. पण पुढे तिथले कामगार सांगत राहिले की तो १९५३ मध्ये, कामगारकपातीविरुद्धच्या लढ्यात मेला. पोर्तेल्लींनी ती चूक म्हणून टाकून दिली नाही. त्या मृत्यूला जो अर्थ असायला हवा होता तिथे लोकांनी तो नेऊन ठेवला, असं त्यांनी दाखवलं. तुमच्या पाच जणींनी भूकंप आधी का नेला? माणसांनी सरकारी कागदावर अंगठा लावून गाव सोडलं, यापेक्षा जमिनीनेच आम्हाला फेकलं, असं म्हणणं कदाचित जास्त सोसण्याजोगं असेल. हा माझा अंदाज. पण तुमच्या प्रबंधाचं एक पूर्ण प्रकरण इथे आहे, आणि इतिहास विभागाने तेच चूक म्हणून बाजूला सारलं याचं मला वाईट वाटतं.

प्रतिसाद २

मी ध्वनिसंग्रहाचं काम करते. तुमच्या रेकॉर्डिंगची फार काळजी वाटली म्हणून लिहिते.

४३ तास एकाच फोनमध्ये किंवा एकाच पेनड्राइव्हवर असतील तर आज रात्रीच तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या गावात ठेवा. मूळ फाइल कधीही कापू नका, संपादन प्रतीवर करा. प्रत्येक फाइलसोबत तारीख, जागा, आजूबाजूला कोण बसलं होतं ते लिहा. सून शेजारी बसलेली असली की आजी वेगळं बोलते. बोली तशीच उतरवा, ‘म्हनला’चं ‘म्हणाला’ करू नका. तासाभराच्या रेकॉर्डिंगला उतरवून घ्यायला सहा ते आठ तास सहज जातात, त्यामुळे सगळं उतरवण्याआधी विषयवार नोंदवही करा.

आता नावाबद्दल. प्रबंध मान्य झाला की तो शोधगंगेवर, म्हणजे देशभरातल्या प्रबंधांच्या संकेतस्थळावर, चढतो आणि कोणालाही वाचता येतो. तुम्ही गावाचं नाव, वय आणि एकाच तळीचं जातं एवढं लिहिलंत तरी त्या गावातल्या लहान पोरालासुद्धा ही कोणती आजी ते कळेल. नाव बदलून काही झाकलं जात नाही. (इथे लिहितानाही जपा.)

पण सगळीच नावं पुसू नका, हेही तितक्याच कळकळीने सांगते. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्या गाणाऱ्या बाईचं आणि तिच्या गावाचं नाव ओवीसोबत आहे. मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांच्या १९८९ च्या ‘आम्हीही इतिहास घडवला’मध्ये आंबेडकरी चळवळीतल्या बायका आपापल्या नावानिशी उभ्या आहेत. ज्या बाईचं नाव आजवर सातबाऱ्यावरही आलं नाही, तिला ‘माहितीदार क्र. ७’ म्हणणं हा पुन्हा एकदा विस्थापित करण्याचाच प्रकार होतो. त्यामुळे प्रत्येकीला स्वतंत्र विचारा, दर भागासाठी विचारा. संमती कागदावर घेण्यापेक्षा आवाजात घ्या, अंगठ्याची या लोकांना वेगळीच आठवण आहे. ‘नंतर नको वाटलं तर काढून टाकेन’ हे सांगा आणि ते पाळा. काही भाग अमुक वर्षं बंद ठेवायचा, असंही ठरवता येतं.

रेकॉर्डर बंद करायला सांगितलं, याचा अर्थ त्या क्षणी संमती काढून घेतली. माझ्या मते वहीतलं ते पान प्रबंधात येऊच शकत नाही. कथेचं मी सांगू शकत नाही.

प्रतिसाद ३

आम्ही पण कोयनेचेच, आता नवी मुंबईत. माझी चुलत आजी अशीच काही सांगून गेली होती, माझ्या आईला. आईने ते कुणालाच सांगितलं नाही आणि दोन वर्षांपूर्वी आईही गेली. मला फक्त एवढंच माहीत आहे की काहीतरी होतं. ताई, तुमच्या आजी अजून आहेत. त्यांनाच विचारा ना. आम्ही इथे कितीही सांगितलं तरी त्याचा काय उपयोग.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिसाद ३ वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

प्रती काल रात्रीच केल्या. एक बहिणीकडे नाशिकला पाठवते आहे. वर जातं, तळी, वय सगळं लिहून बसले ही माझी चूक झाली. लिहिलेलं आता संपादित होत नाही, पुढे जपेन. सहमार्गदर्शकाचा मार्ग मला कोणीच सांगितला नव्हता, त्या प्रस्तावाचा मसुदा करायला घेतला आहे. त्यात भूकंपाचं प्रकरण मधोमध ठेवणार.

दिवाळी अंकाला कळवलं की या वर्षी कथा देत नाही. येत्या रविवारी आजोळी जाते आहे. आजींना वाचता येत नाही, म्हणून कथा मीच वाचून दाखवणार, त्यांच्या घरात सून नसेल तेव्हा, दुपारी. उखळ काढून पुन्हा जातंच घातलं आहे, म्हणजे आपलंच आहे हे त्यांना पहिल्या ओळीतच कळेल. मग विचारेन, ‘ठेव’ म्हणालात त्याचा अर्थ काय. नको म्हणाल्या तर वहीतली ती पानं त्यांच्याच हातात देईन.

ध्वनिसंग्रहवाल्या ताई, एक विचारायचं राहिलं. समजा त्या म्हणाल्या की मी आहे तोवर नको, नंतर चालेल. तर ते ‘नंतर’ कसं नोंदवतात? असं लिहून ठेवण्याची काही पद्धत आहे का? आणि तेव्हा त्यांच्या मुलांना सांगणं बंधनकारक असतं का? रविवारच्या आत उत्तर मिळालं तर फार बरं होईल.