मदत हवी आहे: टाइप ७सी च्या किटमधून यू-४८ करायची आहे, हल (बोटीचं बाहेरचं अंग) कापू की नको?

नमस्कार मंडळी,

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन टाइप ७सी पाणबुडीच्या प्लास्टिक मॉडेलचं १/७२ मापाचं किट हाताशी आहे आणि त्यातून मला यू-४८ करायची आहे, तीही १७ सप्टेंबर १९४० या दिवशीची. अडचण अशी की यू-४८ ही ७सी नव्हतीच, ७बी होती. ७बी जातीच्या फक्त २४ बोटी झाल्या, ७सी साडेपाचशेच्या वर. त्यामुळे किटवाले ७सी काढतात यात नवल नाही. लांबून दोन्ही सारख्याच दिसतात, पण एकदा मोजमापं वाचली की डोळा गप्प बसत नाही.

७बी ची लांबी ६६.५ मीटर, ७सी ची ६७.१. वाढलेले ६० सेंटिमीटर बोटीच्या मध्यावर, कंट्रोल रूममध्ये घातले होते. त्याबरोबर वरचा कॉनिंग टॉवरही (डेकवर उभा असलेला बुरूज) ३० सेंटिमीटर लांब आणि ६ सेंटिमीटर रुंद झाला. १/७२ ला हिशोब केला तर हल ८.३ मिलिमीटर जास्त, टॉवर लांबीला चारएक मिलिमीटर जास्त आणि रुंदीला एक मिलिमीटरसुद्धा नाही. रुंदीचं मी सोडून देतोय. टॉवरचे चार मिलिमीटर मात्र सोडवत नाहीत, कारण सतरा-अठरा सेंटिमीटरवरून बघणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते. प्रश्न ९३ सेंटिमीटरच्या हलमधल्या आठ मिलिमीटरचा आहे. कापायचं म्हटलं तर दोन्ही बाजू, डेक, सॅडल टँकचा (दोन्ही बाजूंच्या टाक्यांचा) फुगवटा, सगळंच पुन्हा जुळवावं लागणार. कुणी एवढ्या लांब हलवर असं काम केलंय का? कापल्यावर आतून आधार कशाचा दिला? पुढे वर्षभराने सांधा पुट्टीतून दिसायला लागला का?

यू-४८ च का, हे सांगतो. म्हणजे "सरळ ७सी जातीची यू-९६ कर, डेकल (चिकटवायची चिन्हं) तयार मिळतात" हा सल्ला आधीच बाजूला ठेवता येईल.

७ जातीच्या बोटी आपल्यासारख्यांना खेचतात, कारण त्यांच्यात काहीही लपलेलं नसतं. आतली दाब सोसणारी नळी पन्नासएक मीटर लांब आणि पावणेपाच मीटर व्यासाची. तिच्यात चाळीस-पन्नास माणसं, बंकखाली ठेवलेले टॉर्पेडो, दोन संडास आणि त्यातल्या एकात मोहिमेच्या सुरुवातीला धान्याची पोती. नळीभोवती जहाजासारखं पातळ बाह्य कवच. बुडी मारताना त्या कवचात पाणी शिरावं आणि हवा बाहेर पडावी म्हणून बाजूला भोकांच्या रांगा. मुळात ते पृष्ठभागावर चालणारं, गरज पडली की बुडणारं जहाज. वर १७ नॉटपेक्षा जास्त वेग, पाण्याखाली जेमतेम साडेसात. टोकदार नाळ, लाकडी पट्ट्यांचा डेक, डेकवरची ८८ मिलिमीटरची तोफ, सगळ्याचं कारण त्यात आहे. मॉडेल करताना हे हाताला कळत जातं, म्हणून हा विषय सुटत नाही.

पण जर्मन पाणबुड्यांवरच्या सुमारे चाळीस हजारांपैकी तीस हजार माणसं परतली नाहीत, आणि त्यांनी बुडवलेल्या जहाजांवरची माणसं वेगळीच. यू-४८ ही सगळ्यांत जास्त जहाजं बुडवणारी बोट मानली जाते. १७ सप्टेंबर १९४० च्या रात्री उत्तर अटलांटिकमध्ये हाइनरिश ब्लाइखरोट कमांडर असताना तिने 'सिटी ऑफ बनारस' हे जहाज टॉर्पेडोने बुडवलं. लिव्हरपूलहून कॅनडाला निघालेल्या त्या जहाजावर बॉम्बहल्ल्यांपासून दूर पाठवलेली ९० मुलं होती, त्यांतली ७७ गेली. त्यानंतर मुलांना समुद्रापार पाठवण्याची ती योजनाच बंद झाली. एका जीवनौकेला आठ दिवसांनी विमानाने शोधलं. तिच्यात ४६ जण होते, सहा मुलगे आणि बाकीच्यांतले बहुतेक भारतीय खलाशी. जहाजावरचे कितीतरी लस्कर, म्हणजे हे भारतीय खलाशी, त्या रात्री थंडीने आणि पाण्याने गेले. इंग्रजी लिखाणात मुलांविषयी पानंच्या पानं आहेत, आणि असायलाच हवीत. खलाशांच्या वाट्याला मात्र एखादी ओळ येते.

ब्रिटिश जहाजांवर रत्नागिरीकडची आणि गोव्याची माणसं पिढ्यानपिढ्या नोकरीला होती. मुंबईत मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या भारतीय नौसैनिकांचं आणि व्यापारी जहाजांवरच्या खलाशांचं स्मारक आहे, सहा हजारांवर माणसांचं. मॉडेलच्या पायावर मला बोटीचं नाव, तारीख आणि त्याच मापाच्या अक्षरांत बुडालेल्या जहाजाचं नाव आणि त्यावरच्या माणसांचा उल्लेख हवा आहे. एकट्या पाणबुडीची पाटी मी लावणार नाही. म्हणून दुसरी पाणबुडी चालणार नाही आणि तारीखही हलवता येणार नाही.

आता बाकीचे प्रश्न:

बाजूची पाण्याची भोकं माझ्या किटमध्ये नुसती खोलगट आहेत, आरपार नाहीत. पिन व्हाइसने (हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने) टोकाला दोन भोकं पाडून मधलं ब्लेडने कापतोय, पण कडा वितळल्यासारख्या होतात. आतून प्लास्टिक घासून पातळ करून घेतलं तर सोपं जाईल का? शिवाय भोकांची मांडणी प्रत्येक गोदीची वेगळी असायची. यू-४८ कीलच्या गेर्मानियावेर्फ्टची. त्या गोदीच्या ७बी चे बाजूने घेतलेले स्पष्ट फोटो कुणाकडे असतील तर फार उपयोग होईल.

सप्टेंबर १९४० मध्ये २० मिलिमीटरची तोफ टॉवरवर होती की मागच्या डेकवर? आणि यू-४८ ची खूण असलेलं काळ्या मांजराचं चित्र तेव्हा टॉवरवर होतं का?

रंगाबद्दल माझं ठरलंय: वर फिकट करडा, पाण्याखाली गडद करडा, डेक जवळजवळ काळा. लाल तळ नको. पण पावसाळ्यात लॅकर मारला की पांढरी झाक येते, आणि आमच्याकडे जून ते सप्टेंबर हवा कोरडी म्हणून नसतेच. एवढा मोठा पृष्ठभाग असताना तुम्ही काय करता, थांबता की पाण्यात मिसळणाऱ्या रंगावर जाता?

*

प्रतिसाद १

धागा आवडला. कापायचंच असेल तर टॉवरच्या बरोबर खाली काप. मूळ बोटीतही वाढ तिथेच झाली होती आणि तिथे हलचा आडवा छेद जवळजवळ बदलत नाही, त्यामुळे मधला तुकडा काढला तरी दोन्ही कडा एकमेकींना भेटतात. नाळेकडे किंवा मागे सरकलास तर पायरी पडेल आणि ती घासण्यात सॅडल टँकचा आकार जाईल. डेक मात्र हलच्याच रेषेत कापू नकोस, पट्ट्यांच्या फटीवर काप, थोडा पुढे किंवा मागे. दोन्ही सांधे एकाखाली एक आले तर मॉडेल उचलताना तिथेच वाकतं. आतून दीड मिलिमीटरच्या प्लास्टिक शीटच्या पट्ट्या लाव, सांध्याच्या दोन्ही बाजूंना चांगल्या लांब. पुट्टी कमीत कमी. फट राहिली तर त्याच किटच्या स्प्रूचा (सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला लागलेले असतात तिचा) तुकडा चिकटवून घास, म्हणजे पुढे आकसण्यात फरक पडत नाही.

भोकांसाठी आतून पातळ करणं हाच मार्ग. ब्लेड नवं घे आणि एका दमात कापू नकोस. रंगाचं म्हणशील तर ऑक्टोबरपर्यंत थांब. कापाकापीत तेवढे महिने जातीलच.

प्रतिसाद २

मी हॅम्बुर्गला असते, कीलजवळच्या लाबोला जाऊन आलेय, तिथे एक खरी पाणबुडी बघायला ठेवली आहे. तिथली यू-९९५ ही ७सी/४१, म्हणजे उशिराची. टॉवर पूर्ण वेगळा, मागे विमानविरोधी तोफांचे मोठे चौथरे. प्रेक्षकांसाठी बाजूला दारंही कापलेली आहेत. टॉवरसाठी तिचे फोटो वापरू नका. पण मागची दोन सुकाणूं, पंखे (प्रोपेलर) आणि आडवी पाती बघायला ती उत्तम आहे, कारण बोट वाळूवर उभी आहे आणि खालून नीट दिसते. ७ए ला एकच सुकाणू होतं, ७बी पासून दोन झाली, तेव्हा तो भाग तुम्हाला चालेल. पुढच्या महिन्यात पुन्हा जाणं होईल. कुठले कोन हवेत ते लिहा.

*

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. डेकचा सांधा सरकवायचा हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दादा, शीटच्या पट्ट्या हलच्या आतल्या गोलाईला वाकवून लावायच्या की अरुंद कापून शेजारी-शेजारी?

ताई, सुकाणूं बरोबर मागून आणि एकदा बरोबर बाजूने हवी आहेत. पंख्याच्या पात्यांचा पीळ कळेल असा एक फोटो, आणि पंख्याच्या दांड्याला आधार देणारा ब्रॅकेट हलला जिथे मिळतो तिथला जवळून एक. किटमध्ये तो भाग फार जाड आहे. जमलं तर फोटोत एखादी मोजपट्टी किंवा तुमचा हात येऊ द्या.

आणि मुंबईकरांपैकी कुणी मस्जिद बंदरच्या स्मारकाला गेलं असेल तर सांगा: आत जायला आधी परवानगी काढावी लागते का, आणि तिथे नावं जहाजांप्रमाणे लावली आहेत का? पाटीचा मजकूर मी ते बघितल्यावरच पक्का करणार आहे.