अनुभव धागा: संध्याकाळच्या तांत्रिक भाषणांची तयारी नेमकी कशी करता?

पुण्यातल्या प्रोग्रॅमिंग गटांच्या संध्याकाळचा साचा साधारण ठरलेला आहे: दोन भाषणं, मग चहा, मग पाच-पाच मिनिटांची छोटी भाषणं. त्यात सगळ्यात मोलाची असतात प्रश्नोत्तरं, आणि केबल, वायफाय, उशीर यांत पहिली तीच जातात. नाशिक-कोल्हापूरला कुणी असा गट सुरू करत असेल तर त्याला उपयोगी पडेल असं लिहा. कौतुक आणि आठवणी नकोत. वाचणाऱ्याला तसंच्या तसं करता आलं पाहिजे.

जागेचं बघणारा

कंपनीचं सभागृह फुकट मिळतं, पण गेटवर वेळ जातो. लॅपटॉपचा सिरीयल नंबर लिहून घेणं आणि ओळखपत्र बघणं यात माणशी दोन मिनिटं सहज जातात. नावांची यादी आदल्या दिवशी सुरक्षा विभागाला द्या. 'ओळखपत्र आणा, सिरीयल नंबर फोनमध्ये टिपून ठेवा' हे आमंत्रणातच लिहा. शनिवारी एसी किती वाजता बंद होतो ते लेखी विचारा. इमारतीचा मध्यवर्ती एसी सुरक्षारक्षकाला चालू करता येत नाही.

कामाच्या दिवशी हिंजवडीत कार्यक्रम ठेवला तर शहरातले लोक पोचत नाहीत, आणि शहरात ठेवला तर हिंजवडीतले उशिरा येतात. मेट्रोच्या जांभळी आणि ॲक्वा या मार्गिका सिव्हिल कोर्टला (जिल्हा न्यायालय स्थानक) मिळतात, म्हणून तिथून चालत जाता येईल अशी जागा मिळाली तर सोडू नका.

पहिल्या रांगेतला

प्रोजेक्टर आधी जाऊन बघाच. कॉलेजांत अजून 1024 बाय 768 चे भरपूर आहेत. 1920 रुंदीवर नीट बसवलेला कोड त्यावर पार बारीक होतो. जुना प्रोजेक्टर व्हीजीएचा (जुन्या ॲनालॉग केबलचा) असेल तर एचडीएमआयचं डिजिटल सिग्नल ॲनालॉग करणारा कन्व्हर्टर लागतो. नुसती दोन टोकांची स्वस्त केबल चालत नाही. यूएसबी-सी पोर्ट असला म्हणजे त्यातून चित्र जाईलच असं नाही. त्या पोर्टला डिस्प्लेपोर्टची (चित्र बाहेर पाठवण्याची) सोय लागते, आणि बऱ्याच स्वस्त लॅपटॉपवर तो फक्त डेटापुरता असतो.

काळी थीम टाळा. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. पडद्यावर खोलीतला उजेड पडतो आणि तुमचा काळा राखाडी होतो. त्यावर गडद निळ्या कॉमेंट आणि लाल एरर दिसतच नाहीत. पांढरी पार्श्वभूमी, 24 च्या वर फॉन्ट, एका स्लाइडवर जास्तीत जास्त पंधरा ओळी. टर्मिनलचा (कमांड टाइप करायच्या खिडकीचा) प्रॉम्प्ट, म्हणजे ओळीच्या सुरुवातीचा मजकूर, नुसत्या डॉलर चिन्हावर आणा, नाहीतर फोल्डरचा लांबलचक पत्ताच अर्धी ओळ खातो. कमांड पडद्याच्या वरच्या अर्ध्यात ठेवा, कारण खालचा भाग पुढच्यांच्या डोक्यांमागे जातो.

डेमोवाला

लाइव्ह डेमो करा, पण टाइप करत बसू नका. प्रत्येक टप्प्याला गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या जपणारं साधन) टॅग, म्हणजे नाव, लावा: पायरी-1, पायरी-2. अडकलात की पुढच्या टॅगवर चेकआउट करून (त्या टप्प्याचा कोड उघडून) बोलणं चालू ठेवा. नोटिफिकेशन बंद करा आणि ब्राउझरला वेगळं प्रोफाइल ठेवा. एपीआयची की (ऑनलाइन सेवा वापरण्याची गुप्त किल्ली) असलेली फाइल एडिटरच्या यादीतून लपवा. रेकॉर्डिंगमध्ये दिसलेली की बदलावीच लागते.

श्रोत्यांना सोबत करून दाखवायला लावणार असाल तर नेटचा हिशेब आधी करा. अख्खी खोली एकाच सार्वजनिक आयपीमागे (इंटरनेटवरच्या पत्त्यामागे) असते. गिटहबचं (कोड ठेवायच्या संकेतस्थळाचं) एपीआय लॉगिनशिवाय एका आयपीला तासाला 60 विनंत्या देतं. तीस जणांनी दोनदा बटण दाबलं की कोटा संपला, मग पुढे सगळ्यांना 403, म्हणजे नकार. डॉकर हबची (तयार सॉफ्टवेअरचे गठ्ठे, म्हणजे इमेज, उतरवायची जागा) लॉगिनशिवायची मर्यादाही अशीच आयपीवर मोजली जाते.

म्हणून पॅकेज पेनड्राइव्हवर आणा. पिपच्या (पायथनची पॅकेज बसवणारं साधन) डाउनलोड कमांडने व्हील फाइली, म्हणजे तयार पॅकेज, एका फोल्डरमध्ये उतरवा आणि इन्स्टॉल करताना इंडेक्स (ऑनलाइन यादी) न वापरता त्या फोल्डरकडे बोट दाखवा. फसतं ते इथे: तुमच्या मॅकवर उतरवलेल्या, कंपाइल केलेला कोड असलेल्या व्हील विंडोजवर चालत नाहीत, आणि पायथनची आवृत्ती वेगळी असली तरी बऱ्याच नाकारल्या जातात. प्रत्येक प्लॅटफॉर्मसाठी वेगळं फोल्डर करा. डॉकर इमेजचंही तेच. एआरएम प्रोसेसरची इमेज इंटेलवर चालवली तर 'एक्झेक फॉरमॅट एरर' येऊ शकते.

नेटवर्क

वरच्याला जोड. एका लॅपटॉपवर फाइल सर्व्हर चालवून सगळ्यांना द्यावं असं मनात येतं, पण कंपनीच्या पाहुण्यांच्या वायफायवर एका यंत्राला दुसरं दिसू नये अशीच व्यवस्था असते. स्वतःचा छोटा राउटर आणा. फोनचा हॉटस्पॉट दहाएक जणांपुढे धरू नका. एसएसएचचं (गिटहबशी सुरक्षित जोडणीचं) 22 पोर्ट बंद असेल तर गिटहब 443 वरूनही एसएसएच घेतं, फक्त होस्ट 'एसएसएच डॉट गिटहब डॉट कॉम' असा द्यायचा.

मराठीतून बोलणारी

डेमोत देवनागरी मजकूर असेल तर तो टर्मिनलमध्ये दाखवू नका, ब्राउझरमध्ये दाखवा. टर्मिनल प्रत्येक चिन्हाला ठरावीक चौकट देतं, त्यामुळे जोडाक्षरं तुटतात आणि रकाने सरकतात. 'नमस्ते'ची लांबी पायथन 6 सांगतो, कारण तो हलंत आणि मात्राही वेगळ्या मोजतो. हे मुद्दाम दाखवण्याजोगं आहे, फक्त ब्राउझरमध्ये. स्लाइड पीडीएफ करताना फॉन्ट आत बसवा, नाहीतर दुसऱ्याच्या लॅपटॉपवर चौकोन दिसतील.

रेकॉर्डिंग करणारा

चित्र हललं तर लोक सहन करतात, आवाज गेला तर बंद करतात. कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा, ओढणी किंवा ओळखपत्राच्या दोरीला घासणार नाही असा. पातळी सर्वांत मोठ्या आवाजालाही उणे 12 डेसिबलच्या आसपास राहू द्या. ओबीएसमध्ये (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) एमकेव्हीत साठवा आणि नंतर तिथेच एमपी4 करा; थेट साध्या एमपी4मध्ये साठवताना वीज गेली तर अख्खी फाइल जाते. 8 मेगाबिटवर तासाला 3.6 जीबी होतात, आणि एफएटी32 पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर एक फाइल 4 जीबीपुढे जात नाही. पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या.

प्रश्न विचारणाऱ्याकडे माइक नसतो. वक्त्याने प्रश्न स्वतःच्या शब्दांत परत सांगितलाच पाहिजे. उत्तर सुरू झालं असेल तरी सूत्रसंचालकाने थांबवून सांगायला लावावं.

वेळ सांभाळणारी

आमचं वेळापत्रक: 6:45 ला पहिलं भाषण, 25 मिनिटं बोलणं आणि 10 मिनिटं प्रश्न. 7:20 ला दुसरं, तसंच. 7:55 ला चहा. 8:10 ला चार छोटी भाषणं, 8:40 ला संपलं. पहिल्या रांगेतून 10, 5 आणि 1 असे मोठे कागद दाखवा. भाषण लांबलं तर स्लाइड सोडायच्या, प्रश्नांची 10 मिनिटं नाही. छोट्या भाषणांच्या स्लाइड दुपारपर्यंत मागवून एकाच पीडीएफमध्ये, एकाच लॅपटॉपवर ठेवा. लॅपटॉप बदलला की दोन-तीन मिनिटं गेलीच.

फुकट कार्यक्रमाला नोंदणीच्या निम्मे येतात असं धरून चहा सांगा. चाळीस जणांना 80 मिलीच्या कपाने साडेतीन लिटर पुरतो. वडापाव 7:50 ला पोचेल असा सांगा. आधी आला तर मागच्या रांगा भाषण सोडून उठतात. चहाच्या वेळी वक्त्याला टेबलापासून जरा लांब उभं करा, म्हणजे ज्यांनी हात वर केला नाही तेही जाऊन विचारतात.