घरी व्हीसीओ बांधणं ही वेळेची नासाडी?

मध्यसप्तक:
सिंथेसायझरचा व्हीसीओ, म्हणजे व्होल्टेजप्रमाणे स्वर बदलणारा ऑसिलेटर, घरी बांधण्यावर धूमकेतूंनी काल लिहिलं, 'ट्रान्झिस्टरच्या जोड्या जुळवत बसणं ही वेळेची नासाडी आहे, ३३४० ही तयार व्हीसीओ चिप बसवा आणि वाजवायला लागा.' रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

एक व्होल्ट वाढला की स्वर एक सप्तक चढतो, 'सप्तकाला एक व्होल्ट', हे सगळेच घोकतात. पण ट्रान्झिस्टरच्या बेसवर पोचेपर्यंत त्याच सप्तकाचे जेमतेम १८ मिलीव्होल्ट उरतात. माझा पहिला व्हीसीओ मी रात्री गरम खोलीत सुरात लावला. सकाळी गारठ्यात वरची सप्तकं चढलेली! जोडी तर नीट जुळवलेली होती, एकमेकींना चिकटवलेलीही होती. मग कळलं की जोडीमुळे दोन ट्रान्झिस्टरांचं सरकणं एकमेकांत कटतं, पण सप्तकाची रुंदी तापमानाबरोबर बदलते ती बदलतेच, दर अंशाला साधारण ०.३३ टक्के. म्हणजे सप्तकामागे ४ सेंट (सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग), आणि तीन सप्तकं वर गेलात की १२. ३३०० पीपीएमचा टेम्पको, म्हणजे दर अंशाला तेवढाच ०.३३ टक्के रोध वाढणारा रेझिस्टर, जोडीला टेकवून बसवला तेव्हा कुठे सूर जागेवर राहिला. सूर म्हणजे काय हे मला त्या आठवड्यात समजलं. याला नासाडी म्हणू नका.

धूमकेतू:
तुमचा तो अख्खा आठवडा ३३४० चे रचनाकार डग कर्टिस यांनी एका चिपमध्ये घालून ठेवलाय. तापमानाची भरपाई ३३४० च्या आतच होते. प्रॉफेट-५ या सिंथेसायझरच्या तिसऱ्या आवृत्तीत हीच चिप आहे. ते वाद्य वाजवणाऱ्यांचं सूर समजण्यात काही अडलं का?

मी हे बाहेरून बोलत नाही. चार वर्षं मी ऑसिलेटरच बांधत होतो. त्या चार वर्षांत एकही रचना पूर्ण झाली नाही. ती वर्षं मला परत हवी आहेत, म्हणून नवीन लोकांना ओरडून सांगतो.

कथील:
मध्यसप्तक, हे सगळं ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता भाग खाचांत खोचून, केलंत का? तसं असेल तर अर्धा दोष तापमानाचा नव्हताच. बेसवर १८ मिलीव्होल्टचं सप्तक, म्हणजे एक सेंट १५ मायक्रोव्होल्टचा. एलईडीचे ५ मिलीअँपिअर त्याच ग्राउंडमधून (परतीच्या सामायिक वायरीतून) परतत असतील, तर वाटेतला ३ मिलीओहमचा रोध एक सेंट हलवायला पुरतो. ब्रेडबोर्डच्या एकेका खाचेत त्याहून जास्त असतो.

माझ्या एलएफओचा (अगदी संथ चालणाऱ्या ऑसिलेटरचा) दिवा लुकलुकायचा आणि त्याच तालात सूर थरथरायचा. सर्किटमध्ये चूक शोधण्यात मी महिना घालवला. चूक ब्रेडबोर्डची होती. व्हीसीओ ब्रेडबोर्डवर बांधूच नये.

नवशिक्या४०१०६:
'बांधूच नये' काय? मग शिकायचं कुठे? एकदा सोल्डरचा डाग दिला की रेझिस्टर बदलताना पॅड उखडतात, माझे दोन बोर्ड असेच गेले. ४०१०६ या चिपमधल्या श्मिट ट्रिगरचा साधा ऑसिलेटर मी ब्रेडबोर्डवरच पहिल्यांदा बोलता केला.

कथील:
४०१०६ ला सप्तकं सांभाळायची नसतात, म्हणून तो चालला. उदाहरण तरी विषयाला धरून द्या. ज्यांनी ट्यूनर लावून पाच सप्तकं कधी मोजलीच नाहीत त्यांनी ब्रेडबोर्डची वकिली करू नये.

नवशिक्या४०१०६:
मोजली आहेत. कपॅसिटर सीझीरोजी, म्हणजे तापमानाने जवळजवळ न बदलणारा, घेतला, जोडीवर कापसाचं टोपरं घातलं, दिव्याची ग्राउंड वायर वेगळी काढून थेट पॉवर सप्लायपर्यंत नेली. तीन सप्तकं नीट लागली, ब्रेडबोर्डवरच. समोरच्याला अडाणी ठरवायची घाई कशाला?

कथील:
वेगळी वायर नेलीत हे आधी सांगायचं होतं. तीन सप्तकांपुरतं मान्य. पाच मान्य नाहीत.

मध्यसप्तक:
मूळ प्रश्न ग्राउंडचा नव्हता.

धूमकेतू:
हेच मी म्हणतोय! दुपार गेली आणि एक स्वरही वाजला नाही.

तरी एक कबूल करतो. गेल्या महिन्यात माझा ३३४० वरच्या टोकाला उतरायला लागला. मी सरळ एचएफ ट्रॅकचा, म्हणजे वरच्या टोकाचा सूर सावरणारा, ट्रिमर फिरवला आणि दहा मिनिटांत काम झालं. कुठला ट्रिमर फिरवायचा ते हाताला ठाऊक होतं, आणि ते त्या चार वर्षांमुळेच. पण त्यासाठी चार वर्षं लागायला नको होती.

मध्यसप्तक:
चार वर्षं मीही कुणाला सांगणार नाही. एक व्हीसीओ स्वतः बांधा, एवढंच म्हणणं आहे. चार आवाजांचं वाद्य करायला घेतलंय, त्यात मीसुद्धा ३३४० च घालतोय. चार टेम्पको चार वेळा जुळवायची ताकद माझ्यात नाही.

धूमकेतू:
मग माझ्या कालच्या वाक्यावर एवढं चिडायचं काय होतं?

मध्यसप्तक:
'नासाडी' या शब्दावर चिडलो. अजूनही चिडलेला आहे.

कथील:
त्या चार ३३४० च्या एलईडींची ग्राउंड वेगळी काढा.