बीडमधून प्रश्न: लहान पक्षाला मत दिलं तर गावातली फूट भरून निघेल की वाढेल?

कापूसपट्टा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. बीड जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावी माझं खत-बियाणांचं दुकान आहे, वडिलांच्या काळापासूनचं. जात मुद्दाम लिहीत नाही. लिहिली की खालचं कुणी वाचणार नाही, सगळे थेट उत्तर द्यायला बसतील. आमच्याकडं सध्या तसंच चाललंय.

मिरगाचा पाऊस पडला की दुकानासमोरच्या बाकड्यावर गर्दी होते. सरकीच्या पिशव्या, डीएपी, तणनाशक, आणि बरंचसं उधारीवर. कापूस वेचून विकला की वही मिटते. या बाकड्यावर राजकारणाचे वाद मी लहानपणापासून ऐकत आलोय. एक कमळवाला, एक घड्याळवाला, आवाज चढायचे, टेबलावर हात आपटायचे, आणि जाताना दोघं एकाच मोटरसायकलवर जायचे. पक्ष वेगळा असला तरी वस्तीला जायचा रस्ता एकच होता.

1 सप्टेंबर 2023 ला शेजारच्या जालना जिल्ह्यात अंतरवाली सराटीला मराठा आरक्षणासाठी बसलेल्या आंदोलकांवर लाठीमार झाला. ऑक्टोबर संपता संपता माजलगाव आणि बीडमध्ये आमदारांची घरं पेटली. मग 2024 ची लोकसभा आली. बीडची जागा 6,553 मतांनी फिरली. निकाल लागला आणि गावात दोनच पक्ष उरले. कमळ नाही, तुतारी नाही. मराठा आणि ओबीसी. निकालाच्या धक्क्यानं आमच्या भागात काही पोरांनी जीव दिला, ते मी विसरू शकत नाही.

त्याच महिन्यात मोबाईलवर याद्या फिरायला लागल्या. कुणाच्या दुकानातून माल घ्यायचा, कुणाच्या नाही. कुणाच्या हॉटेलात चहा प्यायचा नाही. माझ्या वहीतल्या काही जुन्या खात्यांनी येऊन हिशोब चुकता केला. एक काका वडिलांपासूनचे गिऱ्हाईक. सगळी बाकी फेडली, पावती नीट घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, "राग मानू नको लेका. पोरं ऐकत नाहीत, आणि मला गावातच राहायचंय." मी त्यांना चहा घ्या म्हणालो. त्यांनी रस्त्याकडं बघितलं आणि नको म्हणाले.

डिसेंबर 2024 मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली. ती खंडणीतून झालेली गुन्हेगारी होती, पण तिचं दुःखसुद्धा आमच्याकडं आडनाव बघून वाटून घेतलं गेलं. 2025 च्या सुरुवातीला जिल्ह्यातल्या पोलिसांना एकमेकांना नुसत्या नावानं हाक मारायला सांगितलं, नावाच्या पाटीवरनं आडनाव काढलं. ज्या साहेबांनी हे केलं त्यांचं मला खरंच बरं वाटलं. पण पोलिसांना आडनाव काढावं लागावं, इथपर्यंत आपण आलो.

आता मुद्द्यावर येतो. जिल्हा परिषदेवर 2022 पासून प्रशासक बसले, तेव्हापासून आमच्या गटाला हक्कानं जाब विचारावा असा आपला माणूस नाही. निवडणुकीची बोलणी सुरू झाली की नवनवी माणसं दुकानात येतात. परवा एका लहान पक्षाचा तरुण आला होता. नाव लिहीत नाही. शिकलेला, पीकविम्याचं त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. दोन्ही आघाड्या कशा सारख्याच आहेत ते तो पटवून सांगत होता, आणि बरंचसं पटलंही. तो गेल्यावर बाकड्यावरचा एक जण म्हणाला, मत वाया जाईल. दुसरा म्हणाला, हा बी टीम आहे, मतं फोडायला उभा केलाय.

माझी भीती वेगळी आहे. त्याच्या सगळ्या बैठका एकाच समाजाच्या वस्तीवर झाल्यात. समोरच्या बाजूलाही असाच एक लहान पक्ष उभा राहतोय, त्याच्याही बैठका एकाच बाजूला. मोठ्या पक्षांना निदान नाइलाजानं दोन्हीकडं फिरावं लागतं. यांना तेही करायची गरज नाही.

आणि तरीही लहान पक्ष म्हणजे वाईट, असं म्हणायला जीभ धजत नाही. याच बीडनं 1967 ला क्रांतिसिंह नाना पाटलांना खासदार केलं. माणूस सातारा-सांगलीकडचा, पक्ष कम्युनिस्ट. 1977 ला गंगाधरअप्पा बुरांडे मार्क्सवादी पक्षाकडून निवडून आले. वडील सांगायचे, तेव्हा उमेदवाराची जात शेवटी निघायची, आधी भूमिका विचारायचे.

तर ज्यांच्या भागात लहान पक्ष टिकलाय त्यांनी सांगावं: त्यानं माणसं जवळ आली का लांब गेली? कुणाला मत द्या ते सांगू नका, ते माझं मी बघेन.

---

माणदेशी

राम राम. मी सांगोल्याचा. गणपतराव देशमुख, आमचे आबासाहेब, शेतकरी कामगार पक्षाकडून इथून 11 वेळा आमदार झाले. पहिल्यांदा 1962 ला. मध्ये दोनदा पडले, पुन्हा आले. सरकार बहुतेक वेळा दुसऱ्यांचंच होतं, म्हणजे "सत्तेत नसलेल्याला मत वाया" हे गणित आमच्या तालुक्यानं पन्नास वर्षं मानलं नाही.

तुम्ही विचारलंत ते जातीचं. आबासाहेब धनगर समाजाचे. शेकाप ज्यांनी उभा केला ते केशवराव जेधे, शंकरराव मोरे मराठा समाजातले. सांगोल्यात धनगर मोठ्या संख्येनं आहेत, पण तेवढ्यावर माणूस अकरा वेळा येत नाही. इथं जोडणारी गोष्ट पाणी होती. दुष्काळी तेरा तालुक्यांची पाणी परिषद 1993 पासून भरत आली. ती भरवणारे नागनाथअण्णा नायकवडी वाळव्याचे, आबासाहेब आमचे. आटपाडीला त्या परिषदेला जाणाऱ्या ट्रकमध्ये सगळ्या वस्त्यांची माणसं असायची, कारण टँकर सगळ्यांच्याच दारात यायचा. सूतगिरणी काढली तिथंही तेच.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर फक्त गोडवे होतील. आबासाहेब 2019 ला उभे राहिले नाहीत आणि त्यांच्या नातवाची जागा 768 मतांनी गेली. 2024 ला दुसऱ्या नातवानं ती परत आणली, आणि ती लढत महाविकास आघाडी असतानाही ठाकरे गटाच्या उमेदवाराविरुद्ध लढावी लागली. म्हणजे इथंही पक्ष आता एका घराभोवती आलाय. मला त्याची काळजी वाटते.

तुमच्या त्या तरुणाला एवढंच विचारा: निवडणूक नसताना तुमची शाखा कुठं बसते, आणि तिथं कोण कोण येतं?

---

मतमोजणी

भावना समजतात, पण आकडे बघितल्याशिवाय ठरवू नका. आपल्याकडं ज्याला सगळ्यात जास्त मतं तो निवडून येतो, मग बाकीच्या सगळ्यांची बेरीज त्याच्यापेक्षा कितीही मोठी असो. दोन बाजू जितक्या समसमान तितकी तिसऱ्याची किंमत वाढते.

2019 ला औरंगाबादला वंचितसोबतच्या एमआयएमचे इम्तियाज जलील 4,492 मतांनी आले. अपक्ष हर्षवर्धन जाधवांना तिथं पावणेतीन लाखांच्या वर मतं होती. 2024 ला साताऱ्यात तुतारी 32,771 मतांनी पडली, आणि तुतारीसारखीच दिसणारी पिपाणी ज्याच्याकडं होती त्या उमेदवाराला 37,062 मतं. दिंडोरीत पिपाणीला लाखाच्या वर मतं पडली. तिथं तुतारीचे भास्कर भगरे तरीही निवडून आले, पण तेवढ्या मतदारांचं बोट कुठं गेलं याचा विचार करा. तिसरा नेहमी विचारानं उभा असतो असं नाही. कधीकधी तो फक्त चिन्हानं उभा असतो.

आणि मालेगाव मध्य, विधानसभा 2024. पहिला एमआयएमचा, दुसरा इस्लाम पार्टीचा, फरक 162 मतांचा. दोन्ही लहान पक्ष, दोघंही एकाच समाजाची मतं मागणारे. मोठे पक्ष कुठच्या कुठं. त्यामुळं लहान पक्ष आला की दोन समाज एकमेकांशी बोलायला लागतात, असा नियम मला तरी दिसत नाही.

---

केजची लेक

दादा, मी तुमच्याच जिल्ह्यातली, सध्या पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. वर सगळे मतांचं बोलतायत. आमच्या अभ्यासिकेत हे सगळं जागांचं आहे.

फेब्रुवारी 2024 मध्ये मराठा समाजाला 10 टक्के आरक्षणाचा कायदा झाला. पुढं कोर्ट. मग 2 सप्टेंबर 2025 ला हैदराबाद गॅझेटचा जीआर, म्हणजे निजामकाळच्या नोंदींवरून मराठ्यांना कुणबी दाखले द्यायचा. त्या संध्याकाळी माझ्या एका मैत्रिणीनं आईला फोन करून आनंदानं रडून सांगितलं आणि तिच्याच शेजारच्या खुर्चीवरची दुसरी मैत्रीण वही मिटून निघून गेली. दोघींचे वडील कोरडवाहू. दोघींच्या घरी सोयाबीनला भाव नाही. दोघी एकाच डब्यातलं जेवतात, अजूनही जेवतात, पण त्या विषयावर बोलत नाहीत.

या दोघींनाही आज कुठलाच मोठा पक्ष खरं सांगत नाही की जागा मुळात किती कमी आहेत आणि भरती किती रखडते. म्हणून दोघींच्या मोबाईलवर आपापल्या समाजाच्या लहान नेत्यांची भाषणं असतात. निदान तो माणूस माझ्याबद्दल बोलतोय, असं त्यांना वाटतं. त्यांना मूर्ख समजू नका, एवढीच विनंती.

---

कापूसपट्टा

लेकी, तुझं वाचून थांबलो. मूर्ख कुणालाच समजत नाही. ते काकाही मूर्ख नाहीत.

मतमोजणी साहेब, तुमचे आकडे बरोबर आहेत, पण त्यातून कोण पडलं ते कळतं. पडल्यानंतर गावात काय होतं ते माझं दुखणं आहे. 6,553 हा आकडा टीव्हीवर एका दिवसात जुना झाला, आमच्या बाजारात अजून तो चालू आहे.

माणदेशी भाऊ, शाखेचा प्रश्न नक्की विचारतो.

---

फोंडेकरीण

मी गोव्यातून, फोंड्याहून लिहितेय. आमच्याकडं फूट पडली होती ती एवढी मोठी की गोवा वेगळा राहणार की नाही हा प्रश्न होता. डिसेंबर 1963 च्या पहिल्या निवडणुकीत एका बाजूला महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो), दुसऱ्या बाजूला युनायटेड गोवन्स (युगो). काँग्रेसला गोव्यात एकही जागा नाही. एकाला महाराष्ट्रात विलीन व्हायचं होतं, दुसऱ्याला नको होतं. भाषा, धर्म, जात, कूळ आणि भाटकार (जमीनदार), सगळं त्या एका भांडणात ओतलं गेलं होतं. माझ्या आजीच्या वाड्यावर नवराबायको वेगवेगळ्या सभांना जायची.

16 जानेवारी 1967 ला जनमत कौल झाला. कौल निःपक्ष व्हावा म्हणून भाऊसाहेब बांदोडकरांचं सरकार आधी पायउतार झालं. वेगळं राहायच्या बाजूनं 1,72,191, विलीन व्हायच्या बाजूनं 1,38,170. फरक 34,021. भाऊसाहेबांची बाजू हरली. आणि दोनच महिन्यांत त्याच लोकांनी त्याच भाऊसाहेबांना पुन्हा सत्तेवर बसवलं! माझ्या घरात ज्यांनी विलीनीकरणाला विरोध केला होता त्यांतल्याही काहींनी मगोला मत दिलं, कारण तो शाळा काढत होता, कुळांच्या बाजूनं बोलत होता.

हे लांबवून सांगायचं कारण असं की मगो आणि युगो दोन्ही गोव्यापुरतेच पक्ष, दोन्ही उघडपणे एकेका बाजूचे. पण प्रश्नाला तारीख ठरली, उत्तर मिळालं, आणि हरलेल्यांनी ते मानलं. म्हणून माणसं पुढच्या गोष्टींकडं वळू शकली. तुमच्याकडं ज्या प्रश्नावर गाव फुटलंय त्याला तारीखच नाही. प्रत्येक निवडणुकीआधी तो पेटतो, नंतर कोर्टात किंवा समितीत जातो. तो तसाच लोंबकळत राहिला तर मोठ्यांचंही भागतं आणि लहानांचंही.

आमच्याकडंही आता नवा पक्ष आलाय, रिव्होल्युशनरी गोवन्स. 2022 ला सांत आंद्रेची जागा 76 मतांनी जिंकला. राज्यभर मतं नऊ टक्क्यांच्या पुढं, जागा एकच. त्यांचा जोर "मूळ गोंयकार कोण" यावर. जमिनीबद्दलचा त्यांचा राग मला समजतो, माझ्याही गावचे डोंगर कापले जातायत. पण वीस वर्षं आमच्याकडं गवंडीकाम करणाऱ्या कर्नाटकातल्या बाईला "बाहेरची" म्हटलेलं ऐकलं की मला ते सोसत नाही.

---

कापूसपट्टा

फोंडेकरीणताई, तारखेचं तुम्ही बोललात ते आजवर कुणी इतकं सरळ मांडलं नव्हतं. आरक्षणाचा निकाल मतपेटीतून लागू शकत नाही आणि लागूही नये, असं मला वाटतं. तो कायद्यानंच लागेल. पण उमेदवाराला एक विचारता येईल: कोर्टानं उद्या तुमच्या बाजूच्या विरोधात निकाल दिला, तर तुम्ही आमच्या गावात येऊन दोन्ही वस्त्यांवर तो मान्य आहे असं सांगाल का? लहान पक्षाचा असो की मोठ्या, जो हो म्हणेल त्याचा विचार करेन. त्या तरुणाचा नंबर आहे, बाजाराच्या दिवशी त्याला दुकानात बोलावतो. समोरच्या बाजूच्या पक्षाचा जो फिरतोय त्यालाही त्याच वेळी बोलावतो. दोघं येतील का ते माहीत नाही.

केजच्या लेकी, दिवाळीला गावी आलीस तर दुकानावर चक्कर टाक. तुझ्यासारखं बोलणारं कुणीतरी त्या बाकड्यावर बसलेलं मला हवंय.

माणदेशी भाऊ, अजून एक: त्या पाणी परिषदेला जायच्या ट्रकचं डिझेल कोण भरायचं? पक्ष, का गावं वर्गणी काढायची? आमच्याकडं पीकविम्यावर तसं काही उभं करायचं तर सुरुवात तिथूनच करावी लागेल.